दोन दिवस गळ्याला

आक्का गेल्या, म्हणून हे लिहायची माझी छाती होते आहे. त्या असत्या तर या कागदाचा कोपरा फाडून आधी जाळून बघितला असता आणि म्हणाल्या असत्या, "उसाच्या चिपाडाचा कागद हाय गं हा. ह्याच्यावर लिहून काय टिकायचं न्हाय." मग मी काय लिहिलंय ते न वाचताच त्या आत गेल्या असत्या.

आक्का म्हणजे आमच्या हिंडलग्याच्या घरमालकीण. शाळेत शिवण आणि विणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. चारचौघांच्या घरी काडेपेटी असते ती देवापुढं दिवा लावायला. आक्कांच्या कनवटीला कायम एक काडेपेटी असायची आणि ती लोकांच्या कपड्यांसाठी असायची. धागा कुठलाही असो, त्या तो आधी चिमटीत धरत, गालाला घासत, मग पदर सावरून काडी ओढत. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली, तर ती लोकर. कागद जळल्याचा वास आला, तर सूत. आणि धागा वितळून त्याचा काळा कडक मणी झाला, तर त्या समोरच्या माणसाकडं अशा बघायच्या की जणू तो मणी त्या बिचाऱ्यानं स्वतः कारखान्यात बसून केलाय.

एका संक्रांतीला हळदीकुंकवासाठी शेजारच्या बंगल्यातल्या बाई नवी शाल पांघरून आल्या. लेकानं थेट काश्मीरहून आणलेली, अंगठीतून आरपार जाते, हात लावून तरी बघा, असं सगळं सुरू होतं. आक्कांनी हात लावला. तिळगूळ दिला, वाण दिलं आणि "दोरा लोंबतोय जरा, काढतो" म्हणून कडेचा एक दोरा ओढून तिथंच समईवर धरला. मणी झाला. आक्कांनी तो तळहातावर घेऊन त्या बाईंना दाखवला आणि वर समजूत घातली, "वाईट वाटून घिऊ नका. थंडीला कुठं कळतंय काय पांघरलंय ते." त्या बाई पुन्हा कधी आमच्या फाटकातून आत आल्या नाहीत. हे आक्कांच्या लक्षात आलं सहा महिन्यांनी, आणि का आल्या नाहीत ते शेवटपर्यंत आलं नाही.

(आमच्या भागातल्या जुन्या बायका 'मी गेलतो, मी आलतो' असंच म्हणतात. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला ते ऐकून हसू येतं. आक्कांनी तिच्या कुर्त्याचा दोरा जाळल्यापासून ती जरा कमी हसते.)

या घरात आम्ही आलो तीही एक कथाच. मी निपाणीची, मराठी. नवरा गोकाककडचा, कन्नड. बेळगावात हे जोडपं दोन्हीकडून सारखंच अवघड. पिरनवाडीपासून हिंडलग्यापर्यंत आम्ही सगळी उपनगरं पालथी घातली. मराठी मालक नवऱ्याचं आडनाव ऐकून 'कळवतो' म्हणायचे, कन्नड मालक माझं माहेर ऐकून 'हेळतीनि' म्हणायचे. अर्थ एकच, आणि फोन कुणाचाच यायचा नाही. या एका बाबतीत दोन्ही भाषिकांमध्ये जी एकी मी बघितली, ती नेत्यांनी बघायला हवी होती.

आक्कांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी नवऱ्याच्या शर्टाची कॉलर धरली, उलटी केली, बोटांनी चोळली आणि म्हणाल्या, "सुती हाय. कोण धुतंय?" तो म्हणाला, मीच. "हातानं?" हातानं. आक्कांनी कनवटीची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. जाता जाता माझ्या ओढणीकडं बोट केलं, ही मात्र पुढच्या गच्चीवर वाळत घालू नकोस म्हणाल्या, येणारे-जाणारे बघतात. माझी ओढणी पॉलिस्टरची होती. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ वगैरे किरकोळ गोष्टी मग अण्णांनी सांगितल्या.

अण्णा म्हणजे आक्कांचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीत असताना ते धरणाच्या पाण्याची पातळी बघायचे म्हणे. निवृत्तीनंतर आक्कांनी त्यांना नवीन काम लावून दिलं होतं, स्वेटर घालण्याचं. त्यातला एक तर बघण्यासारखा होता. डावी बाही मेंढीच्या लोकरीची, उजवी अ‍ॅक्रिलिकची, पाठ सुताची आणि पुढचा भाग मिश्र धाग्याचा. रंग मात्र सगळीकडं एकच, का तर लोकांत अण्णांची पंचाईत व्हायला नको. तीन पावसाळे काढल्यावर डावी बाही होती तशी राहिली, उजव्या बाहीवर बारीक बारीक गोळे धरले, आणि सुताची पाठ आमच्याकडच्या श्रावणातली ओल पिऊन पिऊन गुडघ्याकडं निघाली. अण्णा रस्त्यानं चालले की मागून येणाऱ्याला वाटायचं, या गृहस्थाचं काहीतरी सुटलंय.

संध्याकाळी चहाच्या वेळी आक्का विचारायच्या, "डावा हात काय म्हणतोय?" अण्णा म्हणायचे, "गप हाय." "आन् उजवा?" "घामेजलाय." मग आक्का समाधानानं बशीत चहा ओतायच्या. अण्णांची तब्येत कशी आहे, असं त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही. बाह्यांची मात्र रोज चौकशी असायची. नवऱ्याकडं एवढं बारीक लक्ष देणारी दुसरी बाई मी अजून बघितलेली नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते.

माझे आप्पा निपाणीत तंबाखूचे दलाल. पान हातात घेतलं की ते कुठल्या गावच्या रानातलं, किती उन्हात वाळलं, ओल किती राहिली, हे त्यांना वासावरून कळतं. चिकोडी, रायबागकडचे शेतकरी माल घेऊन येतात. आप्पा त्यांच्याशी अस्सल कन्नडमध्ये घासाघीस करतात, कन्नडमध्ये शिव्या देतात आणि कन्नडमध्येच चहा पाजून वाटेला लावतात. सीमाप्रश्नाचा मोर्चा निघाला की पहिल्या रांगेत उभे राहून मराठीत घोषणा देतात. आयुष्यभर हे दोन्ही त्यांनी केलं आणि त्यांना कधी कसली अडचण आली नाही. ती आली मी कन्नड मुलाशी लग्न करते म्हटल्यावर. त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. दोन वर्षं झाली होती. मी फोन केला की आई बोलायची आणि मागून आप्पांचा खोकला ऐकू यायचा. बापलेकीचा संबंध तेवढ्या खोकल्यावर आला होता.

आई सांगायची, पहाटे वखारीत जाताना गारठतात, जुना स्वेटर कोपरात गेलाय, पुढून बिडीच्या ठिणग्या पडून पडून चाळण झालीय, पण नवा घेत नाहीत. म्हणून आदल्या हिवाळ्यात मी एक तयार स्वेटर कुरिअरनं पाठवला होता. चांगल्या दुकानातला, पॅकिंगसकट. आप्पांनी तो तसाच वखारीच्या वॉचमनला देऊन टाकला. आई फोनवर म्हणाली, "वॉचमनला अगदी मापात बसला बघ." आईचं असंच आहे, वाईट बातमी सांगतानासुद्धा ती त्यातलं चांगलं शोधते. मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि मग ठरवलं की पुढचा स्वेटर मी हातानं विणून पाठवणार. मला फार मोठं काही नको होतं. माझ्या हातची एक वस्तू आप्पा घरात ठेवतात की दारातून बाहेर काढतात, तेवढंच बघायचं होतं. पण हाही दारातून बाहेर गेला, तर पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

आणि मी चूक केली. जिन्यात आक्का भेटल्या तेव्हा सहज विचारलं, वडलांना स्वेटर करायचाय, कुठली लोकर घेऊ?

तास गेला. मी ऑफिसची बॅग खांद्याला लावून जिन्यातच उभी. वय किती, घाम येतो का, आत बनियन घालतात का, बिडी ओढतात की सिगरेट, खुर्चीत बसून डुलकी काढताना बिडी हातात असते की विझवलेली असते. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, प्रवेशाचे अर्ज भरून घेते. आमच्या अर्जात एवढे रकाने नसतात. शेवटी त्यांनी त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला, धुणार कोण? मी म्हटलं, आई. मशीन आहे? म्हटलं, आहे, पण आई त्यात कपडे घालत नाही, वर पापडाचे डबे ठेवते. आक्कांना माझी आई तिथंच आवडली. मशीनमध्ये लोकर घातली की ती आखडते, बापाचा स्वेटर नातवाला होतो, आणि असे स्वेटर त्यांनी डझनानं बघितले होते.

आक्का लोकरीच्या आंधळ्या भक्त होत्या असं मात्र कुणी समजू नये. तान्ह्या बाळाला त्या सूतच सांगायच्या. शाळेतल्या पोरांना अ‍ॅक्रिलिक. "आईला येळ न्हाय, पोराला अक्कल न्हाय, तितं दुसरं काय देणार," हे त्यांचं त्यामागचं शास्त्र. पण बिडी ओढणाऱ्या माणसाला अ‍ॅक्रिलिक म्हटल्यावर त्यांचा आवाज चढला. ठिणगी पडली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. लोकर नुसती करपते आणि आपली आपण विझते. हे त्यांनी मला तोंडी सांगून सोडलं असतं तरी पटलं असतं. त्यांनी जिन्यात दोन्ही जाळून दाखवलं. तो डाग अजून तिथं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. आक्का गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की लोकरीचा दुकानदार गल्ल्यावर पोराला बसवून देवाला जातो, असं मी ऐकून होते. त्या दिवशी तो सापडला. दुकानात एक पाटी होती, मराठीत आणि कन्नडमध्ये: 'आत काडी ओढू नये.' सबंध बाजारात कापडाची, दोऱ्याची इतकी दुकानं आहेत, पण अशी पाटी फक्त तिथं. दुकानदारानं 'लोकर, लोकर' म्हणून वीस-पंचवीस गुंडे पुढ्यात टाकले. आक्का म्हणाल्या, ह्यातलं मेंढीनं काय बघितलंय ते तेवढं ठेव. वीस-पंचवीसातले तीन राहिले. तो गरीब माणूस म्हणाला, आक्का, गिऱ्हाईक सगळ्यालाच लोकर म्हणतंय, मी काय करू? आक्कांनी त्याचं ऐकून घेतलं, तिन्ही गुंड्यांचं एकेक टोक तोडलं, आणि पाटीचा मान राखून रस्त्यावर जाऊन जाळलं.

मी म्हटलं, झालं, आता यातला एक घेऊ. आक्कांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. कारण त्यांची खरी पद्धत आता सुरू व्हायची होती.

प्रत्येक धाग्याचा त्या चार बोटांचा एक तुकडा विणायच्या. ज्याला स्वेटर घालायचा, त्यानं तो तुकडा आतून गळ्याला टाचून दोन दिवस वागवायचा. झोपताना, कामावर, जेवताना. टोचला, घाम आला, खाज सुटली, की तो बाद. तुकड्याला ओळख म्हणून शेपटीत गाठी मारायच्या: एक, दोन, तीन. धाग्याचं नाव काही केल्या सांगायच्या नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नाव सांगितलं की माणूस नावावरच जातंय. गळ्याला काय वाटतंय ते सांगतच न्हाय." आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी हे तुकडे वागवले होते. बँकेतले एक साहेब तुकडा गळ्याला ठेवून मीटिंगला गेले आणि तो कॉलरमधून सगळ्यांसमोर टेबलावर पडला. साहेबांनी तो रुमाल असल्यासारखा नाक पुसून खिशात घातला म्हणे.

मला कुठल्या गाठीला काय ते दुकानात बघितल्यामुळं माहीत होतं. एक गाठ म्हणजे आपल्याकडच्या धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, घोंगडीच्या जातीची. दोन गाठी म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मेंढीची, मऊ. तीन गाठी म्हणजे निम्मी लोकर, निम्मं अ‍ॅक्रिलिक, ते आक्कांनी नाइलाजानं ठेवलेलं, आईनं पापडाचे डबे उतरवले तर म्हणून. तिन्ही तुकडे माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, निपाणीला दे, सहा दिवसांनी सांग.

निपाणी काही लांब नाही. बसनं दीड-दोन तास. पण ज्या माणसानं अख्खा स्वेटर वॉचमनला दिला, त्याला चार बोटांचा तुकडा पाठवून 'आप्पा, हा गळ्याला लावा' असं सांगायचं कुणी? मी आक्कांना आप्पांच्या अबोल्याचं काहीच सांगितलं नव्हतं. घरमालकिणीला कोण सांगतं? मी तुकडे नवऱ्याच्या गळ्याला लावले. त्यानं बिचाऱ्यानं सहा दिवस इमानानं वागवले आणि निकाल दिला, "मला तिन्ही सारखेच वाटले." मग मीच निकाल लावला. धनगरी लोकर. आपली, इथल्या मातीतली, आप्पांच्या बाण्याला शोभणारी. सातव्या दिवशी खाली जाऊन आक्कांना ठोकून दिलं की आप्पांना एक गाठीचा पसंत पडला.

आक्कांनी तुकडा घेतला आणि नाकाला लावला. बराच वेळ लावला. मग शांतपणे म्हणाल्या, "तंबाखूच्या वखारीतला माणूस. दोन दिवस गळ्याला वागवलेला तुकडा. आन् वास चंदनाच्या साबणाचा."

नवरा चंदनाच्या साबणानं आंघोळ करतो. मी काही बोलायच्या आत माझं तोंड वाकडं झालं आणि मी त्यांच्या पलंगावर बसून सगळं सांगून टाकलं. लग्न, दोन वर्षं, खोकला, वॉचमन. अण्णा हळूच उठून परसात गेले. आक्कांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, पाणीसुद्धा दिलं नाही. ऐकता ऐकता त्या एक विणकाम उसवत होत्या, ते उसवून पूर्ण झालं. आणि त्यांनी आप्पांचं घर नेमकं कुठं ते विचारलं. मला वाटलं, विषय बदलताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आक्का निपाणीला गेल्या. मला न सांगता. मला कळलं दुपारी, ऑफिसात आईचा फोन आला तेव्हा. आई कुजबुजत होती, "अगं, तुझी घरमालकीण आलीय. कट्ट्यावर बसून विणतीय. उठायचं नाव न्हाय."

पुढचं मला थोडं आईकडून आणि थोडं आक्कांकडून कळलं. आप्पा जेवून कट्ट्यावर बसले होते. आक्कांनी सांगितलं, मी तुमच्या लेकीची घरमालकीण. आप्पा उठले आणि आत जाऊन बसले. आक्का म्हणाल्या, जावा की, मी हितंच बसतो, आणि पिशवीतून सुया काढल्या. आक्का तासभर विणत राहिल्या. आई एकदा चहा देऊन आली. मग आक्कांनी त्यांना जे येत होतं ते केलं. लोकरीचं टोक तोडलं आणि काडी ओढली.

ज्या माणसानं पन्नास वर्षं नाकावर धंदा केला, त्याच्या घरात अनोळखी वास सोडला आणि तो गप बसला, असं होत नाही. आप्पा बाहेर आले. केस जळल्यागत वास कुठनं येतोय, म्हणाले. आक्कांनी धागा पुढं केला. आप्पांनी तो चिमटीत धरला, तंबाखूचं पान धरतात तसा बोटांवर फिरवला आणि जाहीर केलं, ह्यात ओल हाय. आक्का म्हणाल्या, लोकर हवेतली ओल धरतेच. आप्पा म्हणाले, मग माल वाईट. आक्का म्हणाल्या, तुम्हाला तंबाखूतलं कळतंय तेवढंच बोला. आमच्या आप्पांना त्यांच्या कट्ट्यावर येऊन कुणी असं बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही. दोघं पाऊण तास ओलीवर भांडले. भांडण संपलं तेव्हा आप्पांच्या गळ्याला पहिला तुकडा टाचलेला होता. आई म्हणाली, तो कधी टाचला ते तिला कळलंच नाही, आणि बहुतेक आप्पांनाही कळलं नसावं.

संध्याकाळी आक्का परत आल्या तेव्हा मी फाटकातच उभी होते. मला भयंकर राग आला होता. दोन वर्षं मी जपून, चाचपडत एकेक पाऊल टाकत होते, आणि या बाई सरळ कट्ट्यावर जाऊन बसल्या. आप्पांना वाटलं असेल, मीच वकील पाठवला. उरलंसुरलं दार बंद झालं असेल. मी तसं बोलून दाखवलं, जरा मोठ्यानंच. आक्का चपला काढत म्हणाल्या, "मग काय, परत वॉचमनलाच विणायचा व्हता व्हय?"

मग म्हणाल्या, भांडखोर आहे तुझा बाप, पण बोटं चांगली आहेत. मी विचारलं, तुम्ही त्यांना सांगितलंत तरी काय? "सांगितलं, दोन-दोन दिवस एकेक. सहा दिवसांनी कुठला बरा ते लेकीला फोन करून सांगा. माझा फोन बिघडलाय." त्यांचा फोन बिघडला नव्हता. त्याच सकाळी त्यांनी त्यावर केबलवाल्याला वीस मिनिटं झापलं होतं.

सहा दिवस गेले. सातवा गेला. आईला विचारलं तर ती म्हणाली, तुकडे लावतात, पण बोलत काही नाहीत. आठव्या दिवशी आक्का काहीतरी निमित्त काढून तीनदा वर आल्या. एकदा साखर मागायला, एकदा आमची टाकी भरली का बघायला, एकदा नुसत्याच. माझ्या मोबाइलकडं बघायच्या आणि खाली जायच्या. नवव्या दिवशी अण्णासुद्धा जिन्यात थांबून म्हणाले, "आला न्हाय व्हय?" त्या माणसानं आपणहून विचारलेला मी ऐकलेला तो एकमेव प्रश्न. मी नको नको ते विचार करायला लागले होते. तुकडे चुलीत गेले असतील. किंवा वॉचमनच्या गळ्याला असतील.

दहाव्या दिवशी दुपारी मी स्कॉलरशिपचे अर्ज तपासत होते. समोर पोरांची रांग होती. मोबाइल वाजला, त्यावर 'आप्पा' असं नाव आलं. दोन वर्षांत ते नाव त्या पडद्यावर आलं नव्हतं. मी उचलला आणि कानाला लावला.

आप्पा खोकले. मग म्हणाले, "येक गाठीचा टोचतोय. तीन गाठीचा घाम धरतोय. दोन गाठीचा बरा हाय. त्या बाईंना सांग."

मी सांगते म्हटलं. दोन गाठींची मेंढी ऑस्ट्रेलियाची आहे, तिला मराठीही येत नाही आणि कन्नडही, हे त्या वेळी सुचलं नाही ते बरंच झालं. मला एवढंच कळत होतं की काहीतरी बोलायला पाहिजे, नाहीतर ते फोन ठेवतील. मी म्हटलं, आप्पा, माप आईला सांगते घ्यायला, जुन्या स्वेटरवरनं.

"जुना नगं. त्यो लई ढिला पडलाय. मी वाळलोय जरा."

मी टेबलाची कड धरून ठेवली. रांगेतल्या पहिल्या पोरानं आपला अर्ज हळूच मागं घेतला.

"टेप हाय न्हवं तुझ्याकडं?" आप्पा म्हणाले. "रविवारी ये."

"येते."

मला वाटलं, आता ठेवतील. मग पुन्हा खोकले.

"माप येकटीला घ्याय जमायचं न्हाय. टेपचं दुसरं टोक धराय कोणतर लागतंय," आप्पा म्हणाले. "त्याला बी घिऊन ये."